टोरीचं तेल आणि चार बोटं

सुखदेवभाऊ, परवा तुमच्या फोटोला हार घातला होता, पुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून लोक खोटं बोलत होते.

एक जण म्हणाला, मिस्त्रींनी जन्मात कोणाचं मन दुखावलं नाही. दुसरा म्हणाला, त्यांचं कधी कोणाशी भांडण म्हणून नाही. मी बायकांमध्ये सतरंजीवर बसले होते आणि पदर तोंडाला लावून हसत होते. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. भांडण नाही म्हणे. आमगावच्या पिकअप स्टँडवर असा एक ड्रायव्हर दाखवा, ज्याला तुम्ही ‘गाडी चालवतो का नांगर’ म्हणून वर्कशॉपमधून हाकललं नसेल. मला तर तुम्ही बारा वर्षांत एकदाही धड ‘या’ म्हटलं नाही. ‘आली का बाई, आज काय मोडून आणलं?’ हेच तुमचं स्वागत. गेलात म्हणून तुम्ही आता गोड होणार असाल तर मी तसं होऊ देणार नाही.

तिसरा उठला तो स्टँडवरचा जुना ड्रायव्हर, पांढऱ्या मिशांचा. त्यानं आवाज खाली आणला. माणूस लाखात एक होता, म्हणाला, ते गाड्या उंच करायचं तेवढं सोडलं तर. त्यापायी चिचगडच्या एकाचा पाय गेला. पण जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं काय बोलायचं. आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. तुमच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, मान हलवली नाही. ती फोटोजवळ पांढऱ्या साडीत बसली होती आणि जमिनीकडे बघत होती.

तो पाय माझ्या नवऱ्याचा. तुमच्या उंच केलेल्या गाडीनं तो गेला, ही गोष्ट आमगावात सगळ्यात आधी बोलली ती मी. नऊ वर्षं ती गावभर फिरली, तुमची गिऱ्हाइकं घेऊन गेली, आणि तुमच्या फोटोसमोरही येऊन बसली. म्हणून मी उठून उभी राहिले. काय बोलले ते सांगते, पण आधी आपलं भांडण निपटून घेऊ. तुम्ही ते अर्धवट टाकून काविळीनं आठ दिवसांत निघून गेलात, ही काही रीत झाली नाही.

आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी आम्ही पिकअप घेतली. चिचगडला आमचं किराण्याचं दुकान, आणि त्याच दुकानात मोहफूल, टोरी म्हणजे मोहाची बी, हिरडा, चारोळी घ्यायची आणि देवरी-आमगावला पोचवायची, हा धंदा. मनोहर गाडी चालवायचे, मी बाजूला बसून माल सांभाळायची. वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा सगळ्या बैलगाडीच्या. दोन्ही चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा तसाच राहिलेला. बैलगाडीला तो चालतो, पिकअपचा पुढचा आस त्याच्यावर टेकतो आणि चाकं रिकामी फिरत राहतात. पहिल्या दोन महिन्यांत आमच्या गाडीच्या पोटाला जंगलातला एकही दगड लागायचा राहिला नाही. मग कोणीतरी सांगितलं, आमगावला फाटकाजवळ सुखदेव मिस्त्री आहे, तो पुढून गाडी उचलून देतो.

तुमची उचलण्याची पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पट्टी नाही, टेप नाही. आस आणि वरचा रबराचा ठोकळा यांच्यामध्ये तुम्ही आडवी बोटं घालायचे आणि गाडीच्या मालकालाही घालायला लावायचे. ‘किती पाह्यजे, बोला.’ मनोहर म्हणाले, जमेल तितकं. तुम्ही कमानीत एक जाड पाटा वाढवला, पाट्याच्या टोकाच्या कड्या लांब बसवल्या आणि गाडी चार बोटं उंच करून दिली. ती पहिल्यांदा जंगलात गेली तेव्हा कशालाही न टेकता बाहेर आली. मनोहर स्टिअरिंगवर ताल धरत होते. खोटं कशाला बोलू, मलाही राणीसारखं वाटलं. बसल्या जागेवरून लोकांची शेतं दिसत होती.

पण त्याच दिवशी, तुमच्या वर्कशॉपमध्येच, मी तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. स्टिअरिंगच्या डब्यातून चाकाकडे जाणारा जो दांडा असतो, तो आधी जवळजवळ आडवा होता, आता चांगलाच तिरपा दिसत होता. त्याच्या टोकाला वाटीत बसलेला लोखंडी गोळा असतो, बॉल जॉइंट म्हणतात तो. तोही वाटीत एका अंगाला कलला होता. मी इंजिनिअर नाही. पण माझा जन्म तराजू धरण्यात गेला, दांडी तिरपी असली तर मला आधी दिसते. मी म्हटलं, मिस्त्री, गाडी उचलली, पण हा दांडा तिथंच राहिला, याचं काय? तुम्ही हात पुसत म्हणालात, ‘तुमी किराणा पाहा, बाई.’

हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. तुम्ही मेलात तरी विसरणार नाही.

मात्र तुम्ही लगेच खाली बसलात, हेही मी विसरलेले नाही. मनोहरना वर बसवून स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायला सांगितलंत आणि माझा हात धरून त्या गोळ्यावर ठेवलात. ‘डोळ्याले दिसत नाही हे. हाताले दिसते. आत टकटक लागली तं समजा गोळा खाल्ला गेला.’ चाक जॅकवर उचलून वरखाली धरून कसं हलवायचं तेही दाखवलंत. आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक सांध्यात ग्रीस, हे तीन वेळा सांगितलंत. एका परक्या बाईचा हात धरून तिला गाडीचं अंग वाचायला शिकवणारा दुसरा मिस्त्री मी पाहिला नाही. बाकीचे तर मी प्रश्न विचारला की उत्तर मनोहरना द्यायचे.

ग्रीस भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मनोहरना त्याचा कंटाळा. दोन वर्षं मी ते नीट केलं. मग एका हिवाळ्यात ग्रीसचा डबा संपला, आणि देवरीहून आणायचं राहून गेलं, आणि मला अक्कल सुचली.

आमच्या घरात टोरीच्या तेलाचे डबे कायम भरलेले. थंडीत ते तेल तुपासारखं थिजतं, हे चिचगडच्या कोणत्याही पोराला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी बैलगाडीच्या आसाला जन्मभर तेच घातलं आणि त्यांची गाडी कधी कुरकुरली नाही. ग्रीसला धूळ चिकटते, काळं होतं, लुगड्याचा डाग जात नाही. हे पांढरंशुभ्र, घरचं, हवं तेवढं. मी ग्रीसच्या पंपात ते थिजलेलं तेल भरलं आणि सगळ्या सांध्यांत दाबलं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. मी गावात मिरवलं. आणखी पाच-सहा गाड्यांना माझ्या सांगण्यावरून टोरीचं तेल गेलं. शहाणपणाला सीमा असते, मूर्खपणाला नसते, असं माझी आई म्हणायची. ती माझ्याकडे बघूनच म्हणायची.

उन्हं चढली आणि सांध्यांतलं तेल पाणी होऊन गळून गेलं. ते बाहेरून दिसत नव्हतं. रबरी टोपी जागेवर होती, आत लोखंडावर लोखंड घासत होतं. तिरप्या दांड्यानं गोळा एकाच अंगाला दाबला जात होता. पुढच्या टायरची आतली कड कुरतडल्यासारखी झाली होती, ती मी पाहिली आणि दोष रस्त्याला दिला. हात लावून पाहायचं माझ्या मनात आलं नाही, कारण माझ्या हिशेबी सांधे तेलात बुडलेले होते.

मे महिन्यात तेंदूपत्त्याची पोती घेऊन येत होतो. सकाळची वेळ, नाल्याकडे जाणारा उतार. मनोहर म्हणाले, ‘हे बघ.’ एवढंच. त्यांच्या हातात स्टिअरिंग गरगर फिरत होतं आणि गाडी सरळ येनाच्या झाडाकडे चालली होती. गोळा वाटीतून निसटला होता. आमचा वेग फार नव्हता, म्हणून जीव वाचला. पण पुढचा पत्रा आत आला आणि त्यांचा उजवा गुडघा त्यात सापडला. मला खरचटलंसुद्धा नाही.

मनोहरना गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं आणि गाडी ट्रॅक्टरला साखळी बांधून तुमच्याकडे आणली. तिसऱ्या दिवशी गुडघा आता वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी तडक आमगावला उतरले. तुमच्या दारात दहा-बारा ड्रायव्हर उभे होते. मी तिथं काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल, मलाही आहे. यानं चार बोटं उचलली आणि माझ्या नवऱ्याचा पाय घेतला, असं मी ओरडून सांगितलं. तुम्ही माझं बोलणं संपू दिलंत. मग उघडलेला सांधा हातात घेऊन माझ्याजवळ आलात आणि हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, ‘बाई, हे हुंगा.’

मी हुंगलं. माझ्या घराचा वास होता तो. माझ्या देवघरातल्या दिव्याचा, माझ्या तळणाच्या कढईचा वास. एका क्षणात मला सगळं कळलं, आणि त्याच क्षणी मी मोठ्यानं म्हटलं, ‘हा तुमच्या चिंध्यांचा वास आहे.’

तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि सांधा टेबलावर ठेवलात. दहा-बारा ड्रायव्हर उभे होते, भाऊ. तुम्ही हा सांधा त्यांच्यापैकी एकाच्या नाकाशी धरला असता तरी पुरे होतं. का नाही धरला? मी ही गोष्ट मोठेपणा म्हणून मानायला तयार नाही. मला वाटतं तुम्हालाही त्या क्षणी तो तिरपा दांडा दिसत होता. तुम्ही माझं बोलणं ऐकलं असतं तर गोळा कलला नसता, आणि कलला नसता तर माझा एका हंगामाचा मूर्खपणाही त्यानं सोसला असता. तुम्ही म्हणाल, ग्रीस होतं तोवर दोन वर्षं चाललीच ना गाडी. म्हणा. मी म्हणेन, सरळ दांड्यावर दहा चालली असती. या भांडणात मी आजही हार मानत नाही. तुम्ही समोर असता तर तुम्हीही मानली नसती.

पण माझं भांडण बरोबर होतं म्हणून माझं खोटं बरोबर होत नाही. मला लाज वाटली होती आणि लाजेचा मला नेहमी राग येतो. नवरा दवाखान्यात असलेली बाई खोटं बोलत नसते, असं लोक धरून चालतात. स्टँडवरच्या गाड्या तुमच्याकडे यायच्या बंद झाल्या. तुम्ही थ्रेशर आणि ट्रॉल्या दुरुस्त करू लागलात. मनोहरना सगळं माहीत होतं. ग्रीसचा पंप त्यांनी पाहिला होता. ते फक्त म्हणाले, ‘मी नाही सांगत कोणाले. तुले वाटन तवा सांग.’ मला वाटायला नऊ वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र मी दुसऱ्याच दिवशी केली. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी गाडीत टोरीचं तेल घातलं होतं, त्या सगळ्यांच्या घरी गेले आणि ते धुऊन काढा, ग्रीस भरा, असं बजावलं. त्यांनी काऊन म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, तेलाला मुंग्या लागतात आणि त्या रबरी टोपी खातात. माझी दुकानदाराची जीभ, लोकांना पटलं. कोणाची गाडी पुन्हा निसटली नाही. खरं न सांगता खरं काम करून घेतलं, असं मी स्वतःला समजावत राहिले.

दोन वर्षांनी मी स्वतः गाडी चालवत तुमच्या दारात आले. मनोहरचा गुडघा वाकत नव्हता, धंदा चालवायचा तर मलाच शिकणं भाग होतं. गोंदियापर्यंत चार ठिकाणी दाखवलं होतं, पण नवे टायर तीन महिन्यांत एका कडेनं कापले जायचे आणि स्टिअरिंग हातात थरथरायचं. तुम्ही मला ड्रायव्हरच्या जागेवर पाहिलंत, थोडा वेळ पाहत राहिलात, आणि म्हणालात, ‘आली का बाई, काय मोडून आणलं?’ जशी मी कालच येऊन गेले होते.

संध्याकाळी गाडी घ्यायला आले तर ती पुढून खाली बसलेली. मी बोटं घातली, दोनच मावली. न विचारता तुम्ही एक पाटा काढला होता आणि दांड्याला नवा, खाली उतरलेला आर्म बसवून तो परत आडवा केला होता. मी आकाशपाताळ एक केलं. माझी गाडी, माझ्या वाटा, तुम्हाला कोणी सांगितलं काढायला? तुम्ही म्हणालात, ‘चालवून पाहा. टेकली तं परत आणा.’ ती टेकली नाही. टायर सारखे झिजू लागले. पुढे कधीतरी स्टँडवर एकानं सहज सांगितलं की मिस्त्री आता कोणाचीच गाडी दोन बोटांच्या वर उचलत नाही, दांडा सरळ केल्याशिवाय तर हातच लावत नाही, आमच्या अपघातानंतर जी पहिली गाडी आली तेव्हापासून. त्या अपघातानंतर तुमच्याकडे गाड्याच किती येत होत्या? ज्या एक-दोन येत होत्या, त्याही तुम्ही ‘दोनच बोटं’ म्हणून परत पाठवल्या असतील. मला हे ऐकून रडू आलं आणि मी ते गाडीच्या धुरावर ढकललं.

आणि मग तो मुंग्यांचा दिवस. खंडेनवमी होती. दसऱ्याला तुम्ही आणि वच्छलाबाई नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, म्हणून आदल्या दिवशी येईल त्याची गाडी जॅकवर चढवून चाकं हलवून द्यायचे. फुकट. ‘हार उद्या घाला, आज चाक हलवा,’ असं प्रत्येकाला ऐकवायचे. तोवर काही गाड्या परत यायला लागल्या होत्या. माझं चाक हलवून झालं, तुम्ही हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘तुमच्या चिचगडच्या मुंग्या लई हुशार आहेत, बाई.’

मी ‘हो’ म्हटलं.

तुम्ही थांबलात. पाना हातात तसाच धरून थांबलात. रागावला नव्हतात, उलट थोडं हसू होतं तोंडावर. माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, अगदी पुरतं तयार होतं. मी टायरकडे बघत राहिले. तुम्ही आणखी थोडं थांबलात, मग दुसऱ्याच्या गाडीखाली शिरलात. त्यानंतर सहा खंडेनवम्या झाल्या आणि मी प्रत्येकीला आले. तुम्ही मुंग्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. तुम्ही काढलं असतं तर मी बोलले असते, असं मी म्हणणार नाही. बहुधा नसतेच बोलले.

तर परवा मी उठले. आमच्याकडे तेरवी असते, तुमच्याकडे पुण्यानुमोदन, तिथं कधी बोलायचं असतं मला माहीत नव्हतं. मी मधेच बोलले. म्हटलं, तो सांधा टोरीच्या तेलानं गेला. तेल मी भरलं होतं. मिस्त्रीनं मला त्याच आठवड्यात हुंगायला दिलं होतं आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मुंग्यांचंही सांगितलं. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर खाली बसला.

मला वाटलं होतं वच्छलाबाई रडेल, किंवा माझा हात धरेल. तसलं काही झालं नाही. तिनं मान वर केली.

‘आता सांगून राहिली? ते होते तवा काऊन नाही सांगतलं?’

‘भेव वाटलं,’ मी म्हटलं.

‘आता नाही वाटत?’

‘वाटते.’

ती म्हणाली, ‘तोंडाचं उद्या कोणी ध्यानात ठेवत नाही. तू बोलली तवा नऊ वर्षं ठेवलं, हे नाही ठेवणार. लिहून दे.’

तिचं बरोबर होतं. वाईट बोललेलं पायांनी चालतं, चांगलं बोललेलं तिथंच बसून राहतं. मी रात्री घरी न जाता आमगावलाच नणंदेकडे राहिले आणि सकाळी वहीचा कागद घेऊन चार ओळी लिहिल्या. वच्छलाबाईला नेऊन दिल्या. तिनं सावकाश वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

‘मेलेल्या माणसाची चूक कायले लिहून राहिली? हे काट.’

मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा नाही म्हटलं. तुमच्या घरात, तुमच्या फोटोखाली, तुमच्या विधवेशी मी भांडले, भाऊ, आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझी चूक लिहून तुमची लपवली तर तुम्ही पुन्हा तो हार घातलेला गोड माणूस व्हाल, ज्यानं कधी कोणाला दुखावलं नाही. तो माणूस मला ओळखू येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, ‘वहिनी, तिसरी काटली तं चौथीले अर्थ नाही राहत.’

तिनं चौथी ओळ परत वाचली. एकदा वाचली, मग ओठ हलवत वाचली. उठून आत गेली आणि कणकेची खळ शिजवून आणली. वर्कशॉपच्या शटरवर तो कागद तिनं स्वतःच्या हातानं चिकटवला, मला हात लावू दिला नाही.

स्टँडवरचे ड्रायव्हर जमले. पांढऱ्या मिशांचा पुढे होता. चष्मा नव्हता म्हणून दूर उभा राहून, अक्षरं जुळवत, मोठ्यानं वाचू लागला. ‘चिचगडच्या गाडीच्या सांध्यात ग्रीसच्या जागी टोरीचं तेल मी भरलं होतं. मिस्त्रींनी ते मला दाखवलं होतं, तरी मी दोष त्यांच्यावर टाकला.’ मग त्यानं तिसरी ओळ मनातल्या मनात वाचली आणि थांबला. चष्मा शोधल्यासारखं खिसे चाचपू लागला. मी काही बोलणार तेवढ्यात मागून वच्छलाबाई म्हणाली, ‘पुढं वाच.’

त्यानं वाचलं. ‘मिस्त्रींनी गाडी चार बोटं उचलली आणि दांडा तिरपा ठेवला, ही त्यांची चूक होती.’

सगळे वच्छलाबाईकडे बघत होते. ती शटरकडे बघत होती. म्हातारा घसा साफ करून चौथी ओळ वाचू लागला.

‘त्यांनी आपली चूक पुढच्याच गाडीपासून दुरुस्त केली. मला नऊ वर्षं लागली.’